कसारा घाट चढताना गाडी तापते, गावात एकदम ओके, आणि डाव्या सीटखाली ओल. काय काय बघू?

पाथर्डीफाटा_९
नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी ओळखीतून एक सेकंडहँड पेट्रोल हॅचबॅक घेतली, २०११ चं मॉडेल, एमएच १५ चीच आहे, बॉडी चांगली, इंजिनचा आवाज पण गुळगुळीत. गावात काहीच त्रास नाही, नाशकात द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये सडलो तरी सुई मध्यावरून हलत नाही. पण ठाण्याहून परत येताना कसारा घाट लागला की सुई हळूहळू वर सरकते, एसी चालू असला तर जास्तच. परवा तर लाल पट्टीला टेकली, गाडी बाजूला घेऊन थांबलो, आई मागे बसलेली तिने रामरक्षा सुरू केली. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना पण हेच होतं. बॉनेटमधल्या प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी थोडं थोडं कमी होतं पण पार्किंगमध्ये फरशीवर डाग कुठेच नाही.

एक मेस्त्री म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाकू, विषय संपला. दुसरा म्हणतो हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उघडावं लागेल. दोघांनी बघितलं किती तर बॉनेट वर करून पाच मिनिटं.

आणि दुसरं म्हणजे डाव्या सीटच्या पायाशी कारपेट कायम ओलं, कुबट वास मारतो. पाऊस नसताना पण. हे दोन्ही एकच दुखणं आहे का? पाने-पक्कड घरात आहेत, रविवार मोकळा असतो, घरी काय तपासता येईल ते सांगा.

सातपूरचा_अण्णा
भाऊ, हेड उघडायच्या आधी जरा थांब. तू स्वतःच अर्धं उत्तर दिलंय. ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला थंड राहते अशी गाडी असेल तर फॅन, रिले, फ्यूज हे बघायचं कारण उभ्या गाडीला वारा फक्त फॅनच देतो. तुझं उलटं आहे, गावात ओके आणि चढावर तापते, म्हणजे इंजिन जोर लावतंय तेव्हा जेवढी उष्णता तयार होते तेवढी रेडिएटर बाहेर टाकू शकत नाहीये. रेडिएटर आतून चोंदलेला, नाहीतर बाहेरून चोंदलेला, नाहीतर कॅप प्रेशर धरत नाही. माझा संशय याच क्रमाने. तरी फॅनची खात्री करून टाक, गाडी चालू ठेवून एसी लाव आणि पुढे जाऊन बघ फॅन फिरतो का.

मग सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, रेडिएटरची कॅप उघड. गार म्हणजे रात्रभर उभी असलेली. गरम असताना उघडलीस तर उकळतं पाणी तोंडावर येतं, हे मी मस्करीत सांगत नाहीये. आत पाण्याचा रंग बघ. हिरवा, गुलाबी काहीतरी स्वच्छ रंग असेल तर ठीक, चहासारखं तांबूस असेल तर आधीच्या मालकाने कूलंट टाकलाच नाहीये, नळाचं नाहीतर बोअरचं पाणी भरत गेलाय, त्यातल्या क्षाराने आतल्या बारीक नळ्या बुजतात आणि लोखंड गंजतं ते वेगळं.

कॅपचं रबर पण बघ. कॅपवर ०.९ किंवा १.१ असं काहीतरी छापलेलं असतं, ते प्रेशर. साधं पाणी १०० ला उकळतं, आपल्या नाशकात उंचीमुळे त्याच्याही थोडं आधी, पण बंद सिस्टिममध्ये प्रेशर धरलं तर ११५ च्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. कॅप लूज पडली की हा सगळा फायदा गेला आणि घाटात पाणी उकळून बाटलीत जाऊन उडून जातं, डाग कुठून दिसणार. सगळ्यात स्वस्त पार्ट आहे, पहिले तीच बदल, पण त्याच आकड्याची घे.

मिसळ_आणि_मायलेज
थर्मोस्टॅट काढून टाक सरळ. आमच्याकडे जुन्या गाडीचा काढून कित्येक वर्षं झाली, सुई कधी वर गेली नाही. काय फरक पडत नाही राव.

सातपूरचा_अण्णा
फरक पडतो, तुम्हाला दिसत नाही इतकंच. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ डिग्रीला उघडतो, तोपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊच देत नाही म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. तो काढला की इंजिन थंडच राहतं, इंजेक्शनची गाडी असेल तर कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गारच आहे आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा एक आकड्यावर येतो तेव्हा ती गाडी सकाळी बघा काय मायलेज देते ते. नाव काय घेतलंय तुम्ही, आणि सल्ला काय देताय 😄

थर्मोस्टॅट अडकलाय असा संशयच असेल तर काढून जुन्या पातेल्यात पाण्यात सोडा आणि गॅसवर ठेवा, पाणी उकळायच्या आत उघडला तर चांगला आहे, नाहीतर नवा टाका. चहाचं पातेलं घेऊ नका, घरात वेगळा प्रॉब्लेम होईल.

गंगापूररोड_ताई
कारपेटचं मी सांगते, आमच्याकडे सेम झालं होतं. डावीकडेच ओल म्हणजे बहुतेक एसीचा ड्रेन पाईप चोंदलाय. एसी चालू असताना गाडीखाली पाणी टपकतं ना, ते टपकणं बंद झालं की तेच पाणी आत उतरतं. तुमच्या गाडीखाली एसी लावल्यावर पाणी पडतं का ते आधी बघा.

पण एक दुसरी शक्यता आहे. हीटरचा छोटा रेडिएटर डॅशबोर्डच्या मागे असतो आणि तो लीक झाला तरी तिथेच ओल येते. बाटलीतलं पाणी कमी होतं म्हणताय म्हणून सांगते, हे विसरू नका. पांढरा टिश्यू कारपेटवर दाबून बघा, रंगीत किंवा चिकट लागलं आणि गोडसर वास आला तर कूलंट. आणि काच आतून सारखी धुरकट होऊन तेलकट थर धरते का तेही बघा. तुमच्या गाडीत साधं पाणीच भरलेलं निघालं तर टिश्यूने काही कळणार नाही, मग कारपेट सुकवून एसी आठवडाभर बंद ठेवा. तरी ओलं झालं तर हीटर.

अंबड_नाईटशिफ्ट
हेड गॅस्केटची (हेड आणि इंजिन ब्लॉकच्या मधलं सील) भीती घातलीय तर ती पण काढून टाक मनातून, किंवा खरी असली तर कळू दे. ऑइल भरायचं झाकण उघड, खाली दुधाळ मलईसारखं काही चिकटलंय का बघ. थोडंसं फेसाळ थंडीत छोट्या चकरा मारणाऱ्या गाडीत येतं, त्याने घाबरू नको, डिपस्टिकवर पण दुधाळ दिसलं तर मात्र गाडी चालवू नको. सायलेन्सरमधून गरम झाल्यावर पण पांढरा धूर, आणि गार गाडी चालू करून रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, ही बाकीची लक्षणं. यातलं काहीच नसेल तर हेड कशाला उघडायचं, उघडलं की हेड प्लेन करा, गॅस्केट सेट, टायमिंग बेल्ट, बिल वाढतच जातं.

आणि घाटात परत तापली तर एसी बंद, हीटर फुल गरमवर आणि ब्लोअर फुल. आत भट्टी होईल पण हीटर म्हणजे एक जास्तीचा रेडिएटरच आहे, सुई खाली येते. लालला टेकली किंवा वाफ दिसली की मग बाजूला घेऊन बंदच करायची. गरम इंजिनवर गार पाणी ओतणारे लोक घाटात दर वेळी दिसतात, ॲल्युमिनियमचं हेड वाकडं होतं त्याने.

पाथर्डीफाटा_९
सगळ्यांचे आभार, अपडेट देतो. फॅन फिरतोय. पाणी निघालं अण्णा म्हणाले तसंच, तांबूस, बोट घातलं तर गंज हाताला. कॅपच्या रबराला चिरा. झाकणाखाली मलई नाही, बुडबुडे नाहीत. गाडीखाली एसीचं पाणी अजिबात पडत नव्हतं. ताई, खाली तो रबरी पाईप सापडला, त्यात बारीक लवचिक नळी घालून हलवली तर हा एवढा लेंडा चिखल आणि भसकन पाणी आलं, चष्म्यावर. एसी लावून दोन-तीन चकरा मारल्या, आता ओल नाही, म्हणजे हीटर सुटला असं धरू ना? कारपेट काढून गच्चीवर टाकलंय.

रेडिएटर स्वतः फ्लश करू की सरळ बदलू?

सातपूरचा_अण्णा
हीटर सध्या तरी सुटला. आधी तपास. इंजिन गरम करून बंद कर, बॅटरीची निगेटिव्ह काढ कारण फॅन बंद गाडीत पण आपोआप फिरू शकतो, मग रेडिएटरच्या जाळीवर जागोजागी जपून हात लावून बघ. मधेच गार पट्टे लागले तर तेवढ्या नळ्या बुजल्यात. थोड्या असतील तर फ्लश करून बघ, अर्धा गार असेल तर फ्लशचे पैसे वाया, नवाच टाक. कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत पण टॉर्च मार, किडे आणि माती भरलेली असते, साध्या पाईपने धू, वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन लावलास तर पातळ पत्र्या वाकतात.

भरताना मॅन्युअलमध्ये लिहिलेला कूलंट घे, रंगावर जाऊ नको, दोन प्रकार मिसळू नको. रेडीमिक्स असेल तर पाणी टाकायचं नाही, कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटर निम्मं. गाडीचं तोंड थोडं वर ठेवून, हीटर गरमवर, कॅप उघडी, गार इंजिनपासून चालू करून बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा, हवा अडकली तर नवा रेडिएटर टाकून पण तापेल. आणि पुढे कधी बदलशील तेव्हा जुना कूलंट गटारीत किंवा उघड्या टबात ठेवू नकोस, चव गोड असते, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात.

अंबड_नाईटशिफ्ट
एक विचारू का, २०११ ची म्हणजे १५ वर्षांचं रजिस्ट्रेशन कधी संपतंय बघितलं का? आरसी बघ आधी. रिन्यू ५ वर्षांसाठी होतं, फिटनेस तपासणी आणि ग्रीन टॅक्स वेगळा. गाडी ठेवणार असशील तर नवा रेडिएटर टाक, विकणार असशील तर फ्लश आणि कॅपवर भागव, पण घेणाऱ्याला सांग बाबा.

पाथर्डीफाटा_९
ठेवणार आहे. गार पट्टे डाव्या बाजूला भरपूर आहेत, म्हणजे नवाच. कंपनीचा महाग पडतोय, द्वारकाच्या दुकानात लोकलचा पण मिळतो, कोणी वापरलाय का?

गंगापूररोड_ताई
आमचा लोकलच आहे, अजून तरी नीट चालतोय. घेताना जुना सोबत न्या आणि होजची तोंडं आणि फॅनचे माउंटिंग जुळवून बघा, आम्हाला एकदा परत जावं लागलं होतं. होज क्लिप पण नवीन घ्या त्याच दुकानातून.