चाकणला गाडी काढायची की लिंक पाठवायची?

अंबडचा_टूलवाला
नाशिकच्या अंबडला माझी छोटी टूलरूम आहे, फिक्स्चर (काम करताना पार्ट जागेवर घट्ट धरून ठेवणारी चौकट) बनवतो. गिऱ्हाईक चाकणचं. पूर्वी ड्रॉइंगमध्ये एखादं भोक अर्धा मिलिमीटर सरकलं तरी गाडी काढायची. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, पावणेदोनशे किलोमीटर. नाशिक-पुणे थेट रेल्वेमार्ग नाहीच, त्यामुळे दुसरा इलाजही नाही. जायला चार तास, 'साहेब लाईनवर आहेत, बसा' यात दोन तास आणि बोलणं वीस मिनिटांचं. आता मी स्क्रीनवर मॉडेल फिरवून दाखवतो, तिकडचा इंजिनिअर त्यावरच लाल रेघ मारतो, अर्ध्या तासात विषय संपतो. गेल्या वर्षी बारा फेऱ्या झाल्या, यंदा दोनच. माझं सरळ म्हणणं आहे : मीटिंगा, ट्रेनिंग, क्लासेस, सगळं ऑनलाइनच करा. प्रत्यक्ष भेट ही आता चैन आहे. पटत नसेल तर बोला.

सुरगाण्याची_बाई
दादा, टूलरूमपुरतं ठीक. क्लासेसचं नाव काढलंत म्हणून लिहिते. २०२० मध्ये मी सुरगाणा तालुक्यातल्या एका शाळेवर होते. पटावर ३४ मुलं, लिंकवर यायची पाच. घरात फोन एक, तो बापाच्या खिशात, आणि बाप दिंडोरीकडे द्राक्षबागेत मजुरीला. दोन पोरं रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसायची. त्यांना मी दिसायचे, मला त्यांच्या मागचं झाड. भागाकारात पोरगं नेमकं कुठे अडतं ते वहीवर वाकल्याशिवाय मला कळत नाही. 'शिकवले' ही नोंद मात्र रोज झाली.

गंगापूररोड_वायफाय
ताई, २०२० ची ती घाईगर्दीची सोय होती, तिच्यावर किती दिवस अडून बसायचं? चौकटीत डोकी मांडली म्हणजे व्हर्च्युअल जागा झाली असं नाही. मी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो. आमचं ऑफिस एका नकाशावर आहे. आपली आकृती चालवत कुणाजवळ नेली की त्याचा आवाज येतो, लांब गेलं की बंद. चहाच्या टेबलाशी दोघं उभे दिसले की आपणही जाऊन टपकायचं. वर्गही असा भरवता येईल, चार-चार पोरांचे गट आणि बाई मधून फिरतायत.

जुना_अवतार
टपका, टपका. सेकंड लाइफ, म्हणजे अवतार घेऊन फिरायचं ऑनलाइन जग, २००३ ला निघालं. आयबीएमसारख्या कंपन्यांनी, परदेशी विद्यापीठांनी तिथे बेटं घेतली, इमारती उठवल्या. ते अजून चालू आहे, पण किती वर्ग भरतात तिथे? पुढे अशीच दोन ऑनलाइन भेटीची ठिकाणं गेली : मायक्रोसॉफ्टने अल्टस्पेस मार्च २०२३ मध्ये बंद केलं, मोझिलाने हब्ज मे २०२४ मध्ये. आपण भिंतीला पोरांची चित्रं लावायची आणि एक दिवस घरमालकाची नोटीस : वाडा पाडायला काढलाय, सामान उचला.

गंगापूररोड_वायफाय
हब्जचा कोड खुला आहे, स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतो. अर्धीच गोष्ट सांगू नका.

जुना_अवतार
आणि सुरगाण्यात तो सर्व्हर सांभाळायला तुम्ही येताय का?

दिंडोरी_पॅकहाऊस
बाईंनी आमच्या बागांचं नाव घेतलं म्हणून मधे बोलतो. युरोपचा खरेदीदार व्हिडिओवर असतो. मी बागेत उभा राहून मण्याला कॅलिपर लावतो, १८ मिलिमीटर दाखवतो. तेवढ्यावर बोलणं सुरू होतं, सौदा होत नाही. त्याला ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षांची सरकारी ऑनलाइन नोंदणी) प्लॉटची नोंद लागते, रेसिड्यूचा, म्हणजे फवारणीच्या औषधाच्या उरलेल्या अंशाचा, रिपोर्ट लागतो आणि शेवटी त्याचा माणूस पॅकहाऊसला येतोच. फोनवर देठ सगळेच हिरवे दिसतात. तो माणूस पेटी उघडून खालचा घड उपसतो. वरचा आम्हीही चांगलाच लावतो, खोटं कशाला बोलू.

मुक्तचा_पदवीधर
लांबून शिकणं नाशिकला कोण नवीन सांगतंय? मुक्त विद्यापीठ १९८९ चं, गंगापूर धरणाच्या वाटेवर. सातपूरला शिफ्ट करत मी तिथून बी.कॉम. केलं. पुस्तकं घरी, रविवारी अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र. नाईट उतरून जायचो, डोळे मिटायचे, सर पुढे गेले की गेले. तेव्हा रेकॉर्डिंग असतं तर मागे नेऊन चारदा ऐकलं असतं. म्हणून मोठ्या माणसांच्या शिक्षणासाठी माझं मत ऑनलाइनला. (जर्नल एंट्री मात्र मला बाकावर शेजारी बसणाऱ्या वेल्डरने शिकवली, हेही खरं.)

अंबडचा_टूलवाला
बाई, लहान मुलांच्या क्लासेसचं मागे घेतो. धंद्याचं नाही घेत. पॅकहाऊसवाल्यांनी खरं सांगितलं, तर मीही सांगतो. यंदाच्या दोन फेऱ्यांतली एक कशामुळे झाली? फिक्स्चर स्क्रीनवर पास झालं, सगळ्यांनी अंगठे दाखवले. माल लाईनवर गेला तर ऑपरेटरचा हात क्लॅम्पपर्यंत पोचेना. मॉडेलमध्ये मापं सगळी होती, माणूस नव्हता. रात्री ग्राइंडर गाडीत टाकून गेलो, सकाळच्या शिफ्टच्या आत हँडल वाकवून दिलं. तरी दहा फेऱ्यांचं डिझेल वाचतं ते वाचतंच. उद्याची मीटिंगही लिंकवरच आहे.

सुरगाण्याची_बाई
दादा, एक विचारू? तो ऑपरेटर होता का त्या मीटिंगला?

अंबडचा_टूलवाला
नव्हता. त्याला लिंक कोणी पाठवलीच नव्हती.