मदत हवी आहे : झाकण उघडलं की टचपॅड बंद

मंडळी, ताईच्या लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्स) आहे. झाकण मिटून उघडलं की टचपॅड ढिम्म. कीबोर्ड, यूएसबी माउस ठणठणीत. टर्मिनलमध्ये ‘सुडो मॉडप्रोब -आर पीएसमाउस’ आणि मग ‘सुडो मॉडप्रोब पीएसमाउस’ दिलं (म्हणजे टचपॅडचा ड्रायव्हर काढून पुन्हा चढवला) की पॉइंटर लगेच हलतो. म्हणजे हार्डवेअर बरं आहे, घोळ ड्रायव्हरचा. जुन्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) हा त्रास नव्हता. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) टचपॅड बनवणाऱ्या सिनॅप्टिक्सचं नाव येतं, आणि हे उपकरण दुसऱ्या बसवरही (जोडणीच्या मार्गावरही) चालू शकेल अशी सूचना.

ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणाऱ्या बूटलोडरमध्ये) ‘पीएसमाउस.सिनॅप्टिक्स_इंटरटच=1’ घालून टचपॅड एसएमबस या दुसऱ्या बसवर न्यावं, की 0 ठेवून पीएस/2 या जुन्या बसवरच राहू द्यावं? कुणी केलंय का? सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) स्लीप फोल्डरात दर वेळी ड्रायव्हर पुन्हा चढवणारी स्क्रिप्ट टाकता येईल, पण ती मलमपट्टीच.

इथे इंदूरला जेल रोडवरच्या दुकानांत विचारलं, तर एकच उत्तर: ‘भिया, विंडोज डलवा लो!’