शब्दचर्चा: 'मसल कार' कोणत्या गाडीला म्हणायचं?

— एका लेखात 'मसल कार'साठी 'दणकट गाडी' वाचलं. पटत नाही. शिवाय त्यात शेव्हरोले नोव्हाचं नाव होतं. ती तर काटकसरीची गाडी ना?

— 'दणकट' नकोच. दणकट म्हणजे टिकाऊ. ते ट्रॅक्टरला शोभेल. मसल कार म्हणजे आवाक्यातल्या किमतीची साधी अमेरिकन गाडी, जिच्यात मोठं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन बसवलंय. १९६४ची पाँटिअॅक जीटीओ हा ठरलेला दाखला.

नोव्हाचं म्हणाल, तर १९६२मध्ये फोर्ड फाल्कनला टक्कर द्यायला शेव्हरोलेची 'शेव्ही टू' आली. 'नोव्हा' हे तेव्हा तिच्या वरच्या श्रेणीचं नाव. सगळ्यात स्वस्त शेव्ही टूला चार सिलिंडर, ९० हॉर्सपॉवर. १९६३ला 'एसएस', म्हणजे 'सुपर स्पोर्ट', आली: बिल्ले झकास, बकेट सीट, आणि बॉनेट उघडलं की सहा सिलिंडरचंच इंजिन! नाव मोठं, लक्षण खोटं. व्ही-८ मिळालं १९६४ला. १९६६ला ३२७ घनइंची, म्हणजे जवळपास साडेपाच लिटरचं, ३५० हॉर्सपॉवरचं इंजिन घेता येऊ लागलं. माझ्या मते हा शब्द तिला तिथून लागू होतो. मागच्या स्प्रिंगांना मात्र दोन्ही बाजूंना एकेकच पाटा. अॅक्सिलरेटर एकदम दाबला की मागची चाकं थडथड उडायची. म्हणूनही 'दणकट' नको.

— काही जाणकार मध्यम आकाराच्या गाड्यांनाच मसल कार म्हणतात. नोव्हा पडली त्याहून लहान.

— म्हणोत बापडे. १९६८पासून तिच्यात ३९६ घनइंची, ३७५ हॉर्सपॉवरचं इंजिन मिळायचं. त्यापुढे आकाराचा वाद कशाला? १९६९ला 'शेव्ही टू' नावही गेलं, उरली नुसती नोव्हा.

— स्पॅनिशमध्ये 'नो वा' म्हणजे 'चालत नाही', म्हणून मेक्सिकोत ती खपलीच नाही म्हणे!

— लोणकढी आहे ती. मेक्सिकोत, व्हेनेझुएलात बरी खपली. 'नोव्हा'त जोर 'नो'वर, 'नो वा'त तो 'वा'वर. स्पॅनिश कानाला घोटाळा होत नाही. मेक्सिकोच्या सरकारी तेल कंपनीने तर 'नोव्हा' नावाचं पेट्रोल विकलंय. शब्द लॅटिन, अर्थ 'नवी', आपल्या 'नव'चाच भाऊबंद. खगोलशास्त्रातल्या नोव्हाला आपण 'नवतारा' म्हणतोच की.

— मग मसल कारला मराठीत काय?

— मसल कारच. 'पहिलवान गाडी' म्हटलंत तर गॅरेजवाला ट्रक समजेल.