मदत हवी: टंगस्टन कार्बाइडच्या भंगारातून सर्मेट वेगळं कसं काढायचं?

लेथ-मिलिंगचे वापरलेले कार्बाइड इन्सर्ट (हत्याराला बसवायची बदलती कापणारी टोकं) साठलेत. फेब्रुवारी 2025 मध्ये चीनने टंगस्टनच्या निर्यातीवर निर्बंध आणल्यापासून या भंगाराची विचारणा वाढली आहे, पण मालात सर्मेट (इन्सर्टचाच दुसरा प्रकार, टंगस्टनऐवजी मुख्यतः टायटॅनियमचा) सापडलं की घेणारा अख्खा लॉट मिश्र म्हणून भाव पाडतो. त्याचंही बरोबरच आहे म्हणा. झिंक प्रक्रियेत (वितळलेल्या जस्ताने भंगार सुटं करण्याची रिसायकलिंग पद्धत) मूळ पावडरच परत मिळते, त्यामुळे सर्मेटमधलं टायटॅनियम तसंच त्यात उतरतं.

चुंबक लावून पाहिलं. उपयोग नाही, बाइंडर (कण एकत्र धरणारा धातू) कोबाल्टचा असल्याने कार्बाइडही चिकटतं आणि स्टीलचे स्क्रूही. रंगावरून ओळखावं तर कोटिंग दोन्हींवर सोनेरीच. अखंड इन्सर्टचं जमलं: एकाच मापाचे तोलले की सर्मेट जवळपास निम्म्या वजनाचं भरतं (कार्बाइडची घनता 14-15, सर्मेटची 7च्या आसपास, ग्रॅम/घन सेंमी). अडलंय ते तुटलेल्या तुकड्यांपाशी. आकार एकसारखा नाही आणि एकेक तुकडा पाण्यात तोलत बसणं अशक्य आहे.

एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं हातातलं यंत्र) नाही, घ्यायचीही नाही. ॲसिड वापरायचं नाही. ग्राइंडिंगचा गाळ आधीच वेगळ्या ड्रममध्ये आहे, त्याचा प्रश्न नाही.

फक्त घनतेच्या फरकावर तुकडे घाऊक वेगळे करायला जिगसारखं (पाण्याच्या हिसक्यांनी जड-हलकं वेगळं करणारं) साधं यंत्र चालतं का, आणि त्याआधी तुकडे चाळून किती मापांत विभागावे लागतात?