पेठेतल्या घराची सामाईक भिंत: शेजारी घर पाडतोय, काय बघून घेऊ?

पेठकरीण:
राजापूरच्या बाजारपेठेत आमचं घर, ओळीतलं मधलं. दोन खण रुंद आणि आत बोळासारखं लांब: पुढे दुकान, मग माजघर, मागे परसू. शेजारच्या काकांचा मुलगा त्यांचं घर पाडून स्लॅबचं बांधणार आहे. मधली भिंत जांभ्याची, मातीत रचलेली. तो म्हणतो, "भिंत आमची." आई म्हणते, सामाईक. आजोबा घर पेशवाई बुडाली त्या सुमाराचं सांगायचे, पण कौलं तर मंगळुरी! मग खरं काय?

चिरेबंदी:
ताई, कौलांवरून भिंतीचं वय काढू नका. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये काढला. आधी नळीची कौलं असायची. छप्पर बदलतं, भिंत तीच राहते. माळ्यावर चढून बॅटरी मारा. दोन्ही घरांच्या तुळया एकाच थरावर बसल्या असतील, तर भिंत दोघांसाठी मिळूनच उभी केलेली असणार. नंतर खोचलेल्या तुळईभोवती फोडलेला चिरा आणि वेगळा चुना दिसतो. पाडायच्या आधी फोटो काढा, मग बोंब मारून उपयोग नाही.

आणि मालकीपेक्षा पाऊस बघा. ही भिंत इतकी वर्षं दोन छपरांच्या मध्ये कोरडी राहिली. एक छप्पर गेलं की जूनमध्ये मातीचे सांधे धुऊन निघतील.

देवगडची लंडनात:
इथे मी भाड्याने राहते ते घर १८२० च्या आसपासचं, असंच ओळीतलं. पुढून ऐटबाज, मागून उघड्या विटा. आगीच्या धास्तीने १७७४ च्या कायद्याने घरांचे वर्ग पाडले आणि सामाईक भिंतीची जाडी वर्गागणिक ठरवून दिली. आजही तिला हात लावायचा तर १९९६ च्या कायद्याप्रमाणे शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. छप्पर मात्र इकडचं नको गं बाई! दर्शनी भिंतीआड दोन पाखी आत उतरतात आणि मधे पन्हळ. राजापुरात पहिल्याच पावसात घरात विहीर होईल.

पेठकरीण:
चढले माळ्यावर. टोकं एकाच थरावर आहेत, फोटो काढले. पण आमच्या एका तुळईचं टोक वाळवीने खाल्लंय, बोट आत जातं.

चिरेबंदी:
मग आधी त्या तुळईला खालून टेकू द्या, आजच. शेजाऱ्याला सांगा, त्यांच्या बाजूच्या तुळया ओढून काढू नका, भिंतीलगत कापा. उघड्या भिंतीवर पाऊस लागायच्या आत पत्रा हवाच. तो खर्च कुणाचा, हेही कागदावर घ्या.