मदत हवी आहे: तिसऱ्या क्वार्टरला पोरांचा दम जातो, सीझनआधी काय करून घ्यावं? (नाशिक)

खांबाजवळचा

नमस्कार मंडळी,

मी नाशिकमधल्या एका शाळेत पी.टी. शिकवतो. स्वतः सगळं आयुष्य खो-खोत गेलं. यंदा बास्केटबॉलचे सर शाळा सोडून गेले आणि नववी-दहावीच्या मुलांचा, म्हणजे १७ वर्षांखालचा संघ माझ्या गळ्यात पडला. खेळातलं तंत्र एक माजी विद्यार्थी येऊन शिकवतो, त्याचं झकास चाललंय. फिटनेस माझ्याकडे आहे आणि गाडी तिथेच अडली आहे.

सराव सामन्यांत पहिले दोन क्वार्टर पोरं बरोबरीने खेळतात. तिसऱ्याच्या मध्यावर सगळ्यांचे हात कमरेवर. डिफेन्सला परतायला उशीर, रिबाउंडला (रिंगवरून परत आलेल्या चेंडूला) उडी नाही, फ्री थ्रो रिंगपर्यंतसुद्धा पोचत नाही. आणि हीच पोरं मैदानाला राउंड मारायला लावली तर अर्धा तास न कुरकुरता पळतात! मग सामन्यात हा दम जातो कुठे?

मनपा स्तरावरच्या शालेय स्पर्धेला साधारण सहा आठवडे आहेत. कोर्ट उघडं, सिमेंटचं. भुरभुर सुरू झाली की एका कोपऱ्यात शेवाळ धरतं. जोराचा पाऊस असला की प्रार्थनेचा हॉल मिळतो, पण तो कोर्टाच्या निम्माही नाही आणि लादी गुळगुळीत. जिम वगैरे काही नाही. दोऱ्या, कोन, दोन मेडिसिन बॉल आणि लाकडी बाक एवढंच साहित्य. वेळ साडेपाच ते सात, कारण सातला निम्म्यांचे क्लास. शनिवारी सकाळी थोडा जास्त वेळ मिळतो.

एका पालकांनी सुचवलं की रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढवा. मला स्वतःला पटत नाहीये, पण कारण सांगता येत नाही. शिवाय दोन मुलांचा गुडघा वाटीच्या खाली दुखतो. त्यांना बसवू का?

अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहा. "जिम लावा" सोडून काहीही चालेल.

---

जुना_गार्ड

सर, राउंड बंद करा. अगदी बंद नाही तर वॉर्मअपला दोन, बस्स. एका लयीत पळायचा दम वेगळा आणि थांबून-थांबून पळायचा वेगळा. बास्केटबॉलमध्ये पोरगं दहा-पंधरा पावलं जीव खाऊन पळतं, ब्रेक मारतं, उडी मारतं, खाली बसून आडवं सरकतं, शिट्टी वाजली की श्वास घेतं आणि परत तेच. तुमच्या मुलांना पळता येतंय, पण ब्रेक मारून पुन्हा सुटण्याची ताकद पायात नाही. खो-खोवाल्याला हे वेगळं सांगायला नको. पाठलाग करणाऱ्याला तुम्ही राउंड मारायला लावून तयार करता का?

लाइन ड्रिल घ्या. बेसलाइनवरून (रिंगमागच्या टोकाच्या रेषेवरून) जवळच्या फ्री थ्रो लाइनला शिवून परत, मग मधल्या रेषेला, मग पलीकडच्या फ्री थ्रोला, मग पलीकडच्या बेसलाइनला. कोर्ट २८ मीटरचं असेल तर एका फेरीत १४० मीटर होतात आणि सात वेळा वळावं लागतं. खरी मेहनत त्या वळण्यात आहे. बारा मुलं असतील तर तिघातिघांचे चार गट पाडा. एक गट पळतो तेव्हा तीन थांबतात, म्हणजे जेवढं पळणं त्याच्या तिप्पट विश्रांती आपोआप मिळते. घड्याळ बघत बसावं लागत नाही. पहिले दोन आठवडे प्रत्येकी सहा फेऱ्या, आठवड्यातून दोनदाच. तिसऱ्या आठवड्यापासून चौघांचे तीन गट करा, विश्रांती आपसूक दुप्पटीवर येईल. पाचव्या आठवड्यात रेषा सोडा आणि तीच मेहनत चेंडू घेऊन करवा: तीनावर दोन (तिघांचा हल्ला, दोघांचा डिफेन्स), फास्ट ब्रेक (चेंडू मिळताच झटपट हल्ला), लगेच उलटा डिफेन्स. सहाव्यात पळणं निम्म्यावर आणा. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात पोरांना पिदडणारे सर मी पाहिलेत. पोरं पहिल्याच सामन्याला शिळी होऊन येतात.

एक आगाऊ सल्ला: शिक्षा म्हणून पळवू नका. लेअप (पळत जाऊन रिंगजवळून टाकलेला चेंडू) चुकला की पाच फेऱ्या, ही जुनी खोड आहे. त्याने दम वाढत नाही, पोरं लेअप मारायला घाबरतात.

आणि हो, बेंच वापरता का? खेळाडू कितीही वेळा बदलता येतो. पहिले पाचच शेवटपर्यंत खेळवत असाल तर कुणाचेही पाय संपतील.

---

फिजिओ_गंगापूररोड

गुडघ्याबद्दल आधी. या वयात उंची झपाट्याने वाढते आणि गुडघ्याच्या वाटीखालचा जाड पट्टा नडगीच्या हाडाला जिथे चिकटतो तिथे ताण येतो. उडी मारताना, गुडघ्यावर बसताना दुखतं, तिथे बोट ठेवलं तरी दुखतं. याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं थांबतं. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय तेच आहे असं मी म्हणणार नाही. तसं असेल आणि दुखणं सौम्य असेल तर पूर्ण बसवायची गरज नसते. उड्या आणि लाइन ड्रिल कमी करा, शूटिंग, पासिंग, पोटाचे-कमरेचे व्यायाम चालू ठेवा. मुलगा लंगडत असेल, सूज असेल, रात्री दुखून जाग येत असेल किंवा गुडघा अडकत असेल तर मात्र सराव थांबवून हाडांच्या डॉक्टरांकडे.

पायऱ्यांबद्दल तुमचं मन बरोबर सांगतंय. चढताना दम वाढतो हे खरं, पण गुडघ्याला भार पडतो तो उतरताना. त्यात पावसाळ्यात दगड निसरडा आणि रविवारी तिथे गर्दी. दुखणाऱ्या गुडघ्याच्या मुलांना तर अजिबात नको. शाळेच्या बाकावर एकेक पाय ठेवून चढ-उतार केली तरी काम होतं.

माझ्या मते तुमच्या संघाला दमाच्या आधी उतरणं शिकवायला हवं. उडी मारून खाली येताना किती जणांचे गुडघे आत वळतात ते मोबाइलवर समोरून शूट करून बघा. दोन पावलांत खांद्याइतकं अंतर, गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत, कंबर मागे, आवाज न करता उतरायचं. आठवड्यातून दोनच दिवस करा, मध्ये किमान ४८ तास जाऊ द्या, आणि सुरुवातीला ठरवून मारलेल्या साठ-सत्तर उड्या पुष्कळ झाल्या. सिमेंटवर तर जपूनच.

या खेळात सर्वांत जास्त मुरगळतो घोटा, आणि एकदा मुरगळलेला पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त. रोज पाच मिनिटं एका पायावर उभं राहून चेंडूची फेकाफेक करू द्या. ते हॉलमध्येही होतं.

---

सिडकोची_आई

माझा मुलगा खेळतो म्हणून लिहिते. सर, पोरं साडेपाचला येतात तेव्हा पोटात काय असतं ते विचारा. डबा दुपारच्या सुट्टीत संपलेला, त्यानंतर फार तर गेटवरचा वडापाव. पावणेपाचला केळं किंवा गूळ-शेंगदाण्याचा लाडू खायला सांगा, फरक दिसेल. पावसाळ्यात तहान लागत नाही म्हणून पाणीही पीत नाहीत. सरावानंतर घरी जाऊन नीट जेवण: उसळ, भाकरी, अंडी, दूध, जे घरात चालतं ते. प्रोटीन पावडरच्या फंदात पडू देऊ नका. आमच्याकडे एका क्लासमित्रामुळे तो विषय निघाला होता, मी डबा आणूच दिला नाही.

श्रावणी सोमवारी बरेच जण उपास करतात, त्या दिवशी हलकंच ठेवा. आणि तिसऱ्या सोमवारी मोठी मुलं त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरी डोंगराच्या पायी फेरीला जाणारच. मंगळवारी पाय चालत नाहीत त्यांचे.

---

खांबाजवळचा

सगळ्यांचे आभार. ताई, ब्रह्मगिरीचं माझ्या लक्षातच नव्हतं, तो मंगळवार सुट्टी. गार्डसाहेब, बेंचचं बोललात ते वर्मी लागलं, आमचे सहा-सातच खेळतात.

दोन शंका. हॉलमध्ये पळता येत नाही, मग सलग चार दिवस पाऊस लागला तर? आणि सुधारणा होतेय हे कळणार कसं?

---

जुना_गार्ड

हॉलच्या दिवशी ताकद. उठाबशा, बाकावर एकेका पायाने चढ-उतार, जोर, प्लँक, भिंतीला टेकून बसणं, मेडिसिन बॉलची फेक. डिफेन्सच्या बैठकीत वीस सेकंद राहायचं, वीस सेकंद उभं, असे दहा वेळा. पोरं शिव्या घालतील. लादी कोरडी असेल तरच दोरी. दम चार दिवसांत कुठे जात नाही, घोटा मात्र एका मिनिटात जातो.

मोजायचं असेल तर या शनिवारी लाइन ड्रिलच्या पाच फेऱ्या, मध्ये एक मिनिट विश्रांती. प्रत्येकाच्या पहिल्या आणि पाचव्या फेरीची वेळ वहीत लिहा. चौथ्या आठवड्यात तेच पुन्हा. पहिली फेरी किती वेगात झाली याला फार महत्त्व नाही. पाचवी पहिलीच्या किती जवळ आली ते बघा. ज्याचा फरक सर्वांत कमी, त्याला तिसऱ्या क्वार्टरला आत ठेवा.

---

फिजिओ_गंगापूररोड

+१. फक्त ते दोन गुडघेवाले या चाचणीत नकोत. आणि शेवाळ धरलेल्या कोपऱ्यावर आधी ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासून घ्या, शाळेच्या मामांना सांगून.