गेटवर आलेलं कोर्टाचं पाकीट

सेक्रेटरी (ए-२०३): सर्वांना नमस्कार. दुपारी कोर्टाचे बेलिफ (समन्स पोचवणारा कर्मचारी) आले होते. गार्डने इंटरकॉम केला, फ्लॅटमधून "घरी कोणी नाही सांग" असं उत्तर आलं आणि त्याने तेच सांगून त्यांना परत पाठवलं. फ्लॅट नंबर इथे लिहीत नाही. पण गार्डने अशा वेळी काय करायचं ते एकदा ठरवू या.

डी-४०४: पाकीट घेतलंच नाही तर केस सुरूच होत नाही ना?

बी-५०४ (वकील ताई): होते. दावा दाखल झाला की तो चालतो. समन्स नाकारलं तर बेलिफ दारावर प्रत चिकटवून तसा अहवाल कोर्टाला देतो, आणि अहवाल पटला की समन्स बजावलं असं कोर्ट धरतं. माणूस सापडतच नसेल तर वर्तमानपत्रात जाहीर समन्स. पाकीट न घेण्याने एवढंच होतं की समोरच्याने काय लिहिलंय ते आपल्याला कळत नाही, आणि मुदत मात्र संपत जाते.

सी-१०२ (अप्पा): समन्ससोबत दाव्याची प्रत असते, ती पानं मोजून घ्यावी. पोच देताना सहीखाली तारीख आणि वेळ आपल्याच हाताने घालावी. मुदत त्या तारखेपासून मोजतात. पाकीटसुद्धा टाकू नये, त्यावरचा शिक्का कामाला येतो.

सेक्रेटरी (ए-२०३): गार्डने सही करून ठेवून घेतलं तर चालेल?

बी-५०४ (वकील ताई): समन्सवर नको. माणूस घरी नसेल तर घरातल्या सज्ञान व्यक्तीकडे देता येतं. नोकर कुटुंबातला धरत नाहीत, मग गार्ड तर नाहीच. पण पोस्टाचं वेगळं आहे. पत्ता बरोबर असलेलं स्पीड पोस्ट पोचलं असंच गृहीत धरतात, आणि "मला मिळालं नाही" हे दाखवायची जबाबदारी आपल्यावर येते. गार्डने सही केली आणि पाकीट केबिनच्या खणात पंधरा दिवस पडून राहिलं, तर ते निस्तरणं अवघड.

ए-६०१: केबिनच्या खणात आत्ताही निदान दहा पाकिटं आहेत 🙄

बी-३०१: ताई, समन्स मिळालं. पुढे नेमकं काय करायचं?

बी-५०४ (वकील ताई): साध्या दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची. कारण दाखवलं तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत वाढवून देतं. त्यानंतरही कधीकधी खर्च भरून परवानगी मिळते, पण त्या भरवशावर राहू नये. व्यापारी स्वरूपाच्या दाव्यात १२० दिवसांनंतर दार बंदच.

आणि ग्राहक आयोगाची नोटीस सगळ्यात कडक. ३० दिवस, फार तर आणखी १५. ४६व्या दिवशी दिलेलं उत्तर घेत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये हे पक्कं केलंय. आपल्याकडे क्लासेस, केटरिंग, इंटिरियरची कामं करणारे बरेच आहेत, त्यांनी हे लिहून ठेवा.

सी-१०२ (अप्पा): कैफियत म्हणजे "सगळं खोटं आहे" असं एक पान नव्हे. दाव्याच्या प्रत्येक परिच्छेदाला वेगळं उत्तर लागतं. जे स्पष्ट नाकारलं नाही ते कबूल धरलं जाऊ शकतं. आपली कागदपत्रं यादीसह त्याच वेळी जोडावीत, नंतर आणायची तर परवानगी लागते.

निशाणी ५ पण बघा. निशाणी म्हणजे केसमधल्या कागदाचा क्रमांक. मनाईचा दावा असेल तर तूर्तातूर्त (तात्पुरत्या) मनाईचा अर्ज बहुधा निशाणी ५ ला असतो. त्या अर्जावर आपलं म्हणणं कैफियतीपेक्षा वेगळं द्यावं लागतं, तेही लगेच. लोक ३० दिवस आहेत म्हणून निवांत राहतात आणि मनाई हुकूम त्याआधीच होऊन जातो.

बी-३०१: आणि तारखेला गेलोच नाही तर?

सी-१०२ (अप्पा): एकतर्फी चालतं, मग एकतर्फी हुकूमनामा. तो रद्द करून घ्यायला हुकूमनाम्यापासून ३० दिवस. समन्स रीतसर बजावलंच नसेल तर कळल्यापासून ३० दिवस. हुकूमनाम्याचा पत्ता दरखास्तीची (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची) नोटीस दारात आल्यावर लागला, की पळापळ दुप्पट.

ए-६०१: आपल्या नावावर काही चालू आहे का ते ई-कोर्ट्स ॲपवर दिसतं. समन्सवर केसचा १६ अक्षरांचा सीएनआर नंबर असेल तर तो टाका, पुण्याचा एमएचपीयू ने सुरू होतो. नंबर नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधा, पण स्पेलिंग बदलून दोन-तीनदा. कुलकर्णी तर तीन तऱ्हांनी लिहितात. पुढची तारीखही तिथेच दिसते, वकिलांना रोज फोन करायला नको.

बी-५०४ (वकील ताई): 😄 हे फार महत्त्वाचं. शिवाय रोजनामा, म्हणजे तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, वाचायची सवय ठेवा. वकीलपत्रावर सही करा, कोऱ्या कागदावर नको. कोथरूडवरून कोर्टात येणाऱ्यांनी गाडी आणूच नका, वनाझहून मेट्रो थेट सिव्हिल कोर्टला येते.

डी-४०४: चेकचं पण सांगा कोणीतरी. नोटीस आली की लोक घाबरून काहीही करतात.

ए-६०१: चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने लेखी नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यापासून आपल्याला १५ दिवस. त्यात चेकची पूर्ण रक्कम दिली तर कलम १३८ चा (चेक न वटल्याचा) गुन्हा होत नाही. नाही दिली तर पुढच्या एका महिन्यात तो तक्रार दाखल करू शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

चुका कुठे होतात? एक, अर्धी रक्कम देऊन "बाकी पुढच्या महिन्यात". पंधरा दिवसांत पूर्ण गेली नाही तर केस उभी राहते. दोन, रोख देऊन पावती न घेणं. बँकेतूनच पाठवा आणि शेऱ्यात चेक नंबर टाका. तीन, "स्टॉप पेमेंट केलंय, मला काही होत नाही" हा गैरसमज. तेही १३८ मध्ये येतं.

डी-४०४: आणि तारण म्हणून दिलेला कोरा चेक?

ए-६०१: सही आपली असली की चेक देणं फेडण्यासाठीच दिला असं कायदा धरून चालतो. तसं नव्हतं हे आपण दाखवायचं. म्हणून हातउसने फेडले की चेक परत घ्या, नाहीतर निदान व्हॉट्सॲपवर "पूर्ण मिळाले" एवढं तरी लिहून घ्या.

बी-५०४ (वकील ताई): चेकच्या केसमध्ये तारखेला गेलं नाही तर आधी जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र. गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे पहिल्याच तारखेला जामीनदार आणि त्याचे कागद घेऊन हजर राहिलं तर त्रास बराच कमी.

बी-३०१: भाडेकरूंचं काय? माझा करार संपत आलाय 😅

बी-५०४ (वकील ताई): लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. तिथे समन्सनंतर ३० दिवसांत, बाजू मांडायची परवानगी मागणारा अर्ज शपथपत्रासह द्यावा लागतो. दिला नाही तर मालकाचं म्हणणं मान्य धरून ताब्याचा हुकूम होतो. शिवाय मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट भाडं.

बी-३०१: समजलं. उद्याच नूतनीकरणाचं बोलतो.

डी-१०१: काल सासूबाईंना व्हिडिओ कॉल आला, "कोर्टाचं वॉरंट आहे, कॅमेरा बंद करू नका".

ए-६०१: ताई, असा कॉल बंद करा आणि १९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) कळवा. डिजिटल अरेस्ट असं कायद्यात काहीच नाही.

बी-५०४ (वकील ताई): पोलिसांनी हजर राहायला सांगितलं तर लेखी नोटीस मागा, ती आता बीएनएसएस (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ३५ खाली येते. ती व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. साक्षीसाठी महिलांना आणि ६० वर्षांवरच्या पुरुषांना पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब घरी येऊन घ्यायचा.

डी-१०१: वकिलांची फी परवडत नसेल तर?

बी-५०४ (वकील ताई): जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, शिवाजीनगर कोर्टातच. महिलांना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

सेक्रेटरी (ए-२०३): मग गेटपुरतं असं. बेलिफला गार्ड अडवणार नाही, फ्लॅटपर्यंत सोडेल. गार्ड कोणाच्याही समन्सवर सही करणार नाही. स्पीड पोस्ट घेतलं तर रजिस्टरमध्ये तारीख, वेळ आणि फ्लॅट नंबर, आणि त्याच दिवशी सदस्याला फोन. खणातल्या पाकिटांची फ्लॅट नंबरनुसार यादी रात्री टाकतो.

सी-१०२ (अप्पा): यादी आधी टाका, जेवण नंतर. एकावर बारा तारखेचा शिक्का आहे, मी आत्ताच बघून आलो.